सरोवरांच्या रानात घोड्यांचे तळ कसे आले

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात घोडेवाल्यांचे तळ आहेत. गेरी लेक, गूज क्रीक, शेक्स प्लेस, मॅकिन्ली अशी त्यांची नावं. तंबू ठोकायला झाडांमधली मोकळी जागा, हापसा, एखादा साधा संडास, आणि दावण ताणायला रोवलेले जाड लाकडी खांब, एवढ्यावर तळ भागतो. सुट्टीच्या दिवसांत लोक ट्रेलरमधून घोडे घेऊन येतात. खरारा करून, पाणी पाजून घोडे दावणीला लावतात आणि मग आपल्या चुलीकडे वळतात. पाहणाऱ्याला वाटावं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं असणार.

तसं ते नाही. घोड्याला मानवेल असं या मुलखात मुळात फारसं काही नव्हतंच. घोडा हा गवताळ मोकळ्या रानाचा प्राणी. इथे पाइन, हेमलॉक आणि सीडरची गर्द झाडी. गवत असलंच तर नदीकाठच्या पट्ट्यात. मध्येमध्ये दलदल, आणि उन्हाळ्यात डास नि गोमाश्यांचा उच्छाद. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे, ओडावा आणि त्यांचे भाऊबंद. त्यांनी प्रवासासाठी पाणीच निवडलं. भूर्ज वृक्षाच्या सालीची हलकी नाव पाण्यात सोडायची, पाणी संपलं की खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यात परत सोडायची. हिवाळ्यात पायात बर्फावर चालायचे जाळीदार जोडे आणि ओझं ओढायला कुत्री. या हिशेबात घोड्याचं अडत नव्हतं.

अपवाद एक आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिशिगनच्या बराच पश्चिमेला, मिनेसोटा आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या सीमेवर, ओजिब्वे लोकांकडे जंगलात राहणारं एक तट्टू होतं. लाक ला क्रुआ या सरोवरावरून त्याला नाव मिळालं. उंची चार-साडेचार फूट, अंग गोळीबंद, कानांत दाट केस. उन्हाळाभर ही तट्टं मोकळी चरायची, झाडपाला खायची. थंडी पडली की त्यांना धरून आणायचं, लाकडं आणि बर्फाच्या लाद्या ओढायला लावायचं, आणि वसंतात परत सोडून द्यायचं. तबेला नाही, साठवलेला चारा नाही. पुढे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या आल्या आणि तट्टांचं काम गेलं. काम गेलं की जनावराचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. १९७७ साली लाक ला क्रुआला फक्त चार घोड्या उरल्या होत्या आणि त्याही मारून टाकायच्या, अशी वेळ आली होती. तेव्हा मिनेसोटातल्या काही माणसांनी त्या गोठलेल्या सरोवरावरून सीमेपार नेल्या. नर एकही उरला नव्हता, म्हणून स्पॅनिश मस्टँग जातीच्या घोड्याशी त्यांचा संकर केला. आज जी काही थोडी तट्टं आहेत ती त्या चौघींची प्रजा.

मिशिगनच्या रानात घोडा आला तो मात्र वेगळ्या कामाला: रान तोडायला.

१८२५ साली हडसन नदीला एरी सरोवराशी जोडणारा एरी कालवा सुरू झाला आणि पूर्वेकडची वस्ती सरोवरांच्या वाटेने आत सरकू लागली. १८३६ च्या तहात ओजिब्वे आणि ओडावांच्या हातून मिशिगनचा मोठा उत्तर भाग सरकारकडे गेला. त्या भागात व्हाइट पाइन होता. सरळसोट, हलका, कापायला सोपा, आणि मुख्य म्हणजे पाण्यावर तरंगणारा. पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात शेतकरी जाऊन बसले होते, पण तिथे घर बांधायला झाड नव्हतं. ८ ऑक्टोबर १८७१ ला शिकागो पेटलं आणि ते उभारायला पुन्हा लाकूडच हवं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत मिशिगनने लाकूड पुरवण्यात देशात आघाडी धरली.

तोड हिवाळ्यात चालायची, कारण ओंडका ओढायला बर्फासारखा रस्ता नाही. सुरुवातीला बैल होते. घोडे चपळ, म्हणून हळूहळू त्यांनी जागा घेतली. या कामाची युक्ती बघण्यासारखी होती. रात्री पाण्याची मोठी टाकी घसरगाडीवर चढवून रस्त्याने फिरवायची. मागच्या भोकांतून पाणी चाकोरीत सांडत जायचं आणि पहाटेपर्यंत त्याची काच व्हायची. त्या काचेवरून दोन घोडे जे ओझं ओढत ते कोरड्या जमिनीवर जागचं हलवता आलं नसतं. घोडे घसरू नयेत म्हणून त्यांच्या नालांना अणकुचीदार खिळे. चढापेक्षा उताराचं भय जास्त, कारण गाडी सुटली तर पुढच्या जनावरांचा चेंदामेंदा. म्हणून उतारावर गवत किंवा गरम वाळू पसरायला माणूस नेमलेला असायचा. एखाद्या रात्री नवा बर्फ पडला आणि गवत झाकलं गेलं, तर त्याचीच झोप उडायची.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी यूएन गावाजवळ एका घसरगाडीवर ५० ओंडके रचले आणि दोन घोड्यांनी ती गाडी ओढली. मापाने ते लाकूड ३६,०५५ बोर्ड फूट भरलं, म्हणजे फळ्या काढल्यावर सुमारे ८५ घनमीटर. हा अर्थात मिरवायचा प्रकार होता, रोजचं ओझं याच्या बरंच खाली असे. पण त्या काळी माणसं फोटो काढून घ्यायची ती अशाच ढिगावर चढून, आणि त्या फोटोत घोडे कोपऱ्यात येतात.

तोडीच्या छावणीतली माणसं लाकडी फळ्यांच्या बिछान्यावर एकाला एक लागून झोपत. घोड्यांची पागा त्या मानाने नीट बांधलेली, आणि तिच्यावर देखरेखीला वेगळा माणूस. गाडीवान बाकीच्यांच्या आधी उठून घोड्यांना चंदी घालायचा. यात भूतदया किती आणि हिशेब किती, हे विचारू नये. तगडी जोडी महाग पडायची, मजूर स्वस्त होता.

उन्हाळ्यात मात्र सगळं थंडावायचं. यावर मॅनिस्टी गावच्या सायलस ओव्हरपॅक या गाड्या बनवणाऱ्याने १८७५ च्या सुमाराला तोडगा काढला. नऊ-दहा फूट व्यासाची दोन चाकं, मध्ये आस, आणि ओंडक्याचं एक टोक आसाखाली साखळीने उचललेलं. मागचं टोक जमिनीवर घासत जायचं. एवढ्या मोठ्या चाकाला खुंट, खड्डे आणि चिखल आडवे येत नाहीत. आता घोडा बाराही महिने राबू लागला. पाठोपाठ १८७७ मध्ये विनफील्ड स्कॉट गेरिश याने क्लेअर परगण्यात ओंडके वाहायला छोटी रेल्वे टाकली, आणि नदीपासून दूर म्हणून वाचलेलं रानही आवाक्यात आलं. ओंडक्यांच्या लोंढ्यांनी नद्यांचे तळ खरवडून निघाले. ज्या ग्रेलिंग माशावरून ग्रेलिंग गावाला नाव पडलं, तो मासा मिशिगनमधून १९३० च्या दशकात नाहीसा झाला. त्यात तोडीचा हात मोठा होता.

विसावं शतक उजाडेपर्यंत पाइन जवळजवळ संपला. कंपन्या रूळ उखडून पुढच्या राज्यात गेल्या. मागे राहिल्या वाळलेल्या फांद्या, खुंट आणि वाळू. आगी तर तोड चालू असतानाच सुरू झाल्या होत्या. १८७१ ला शिकागो जळत होतं त्याच दिवशी मिशिगनचाही मोठा पट्टा जळाला. १८८१ मध्ये राज्याच्या पूर्वेकडच्या ‘थंब’ म्हणजे अंगठ्यासारख्या भागात २८२ माणसं गेली. १९०८ मध्ये मेट्झ गाव, ११ जुलै १९११ ला ऑ सॅबल आणि ऑस्कोडा ही जुळी गावं. जमीन विकणाऱ्यांनी ‘झाडं काढून दिली आहेत, आता फक्त नांगर घाला’ असं सांगून भोळ्या माणसांच्या गळ्यात ही वाळू मारली. दोन-चार पिकांत तिचा कस संपला. सारा थकला, आणि एकरामागून एकर जमीन सरकारजमा झाली.

माझ्या मते घोड्यांच्या तळांची खरी सुरुवात इथे आहे. या भागात एवढं सार्वजनिक जंगल आहे ते कोणाच्या दूरदृष्टीमुळे कमी आणि ती जमीन कोणालाच नको होती म्हणून जास्त. रान चांगलं राहिलं असतं तर ते खाजगी राहिलं असतं.

सरकारच्या हाती आलेलं हे उजाड रान पुन्हा उभं करायला वेळ लागला. १९०३ मध्ये हिगिन्स सरोवराजवळ राज्याची पहिली राखीव वनं आणि रोपवाटिका झाली, १९०९ मध्ये आजच्या ह्यूरन राष्ट्रीय जंगलाचा पाया घातला गेला. खरा जोर आला तो महामंदीत. १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांच्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ने मिशिगनमध्ये ४८ कोटींहून जास्त झाडं लावली. आजही लाल पाइनची झाडं सरळ रांगेत उभी दिसली तर समजावं, ही हाताने लावलेली. मूळ रान कसं होतं हे बघायचं तर ग्रेलिंगजवळ हार्टविक पाइन्स उद्यानात जावं लागतं. तिथे जुन्या पाइनचे ४९ एकर शिल्लक आहेत.

झाडं वाढत होती तोवर घोडा मागे पडत गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती. १९६० च्या आसपास ती तीस लाखांवर आली. ट्रॅक्टर आणि ट्रकने काम नेलं. मिशिगनमध्ये घोड्याचं काम ठळकपणे टिकलं ते एका बेटावर. मॅकिनॉ बेटाने १८९८ मध्ये मोटारी बंद केल्या त्या आजपर्यंत, त्यामुळे तिथे माथेरानसारखा कारभार चालतो. उन्हाळ्यात शेकडो घोडे, हिवाळ्यात बहुतेकांची परत मुख्य भूमीवर रवानगी.

बाकीच्या राज्यात घोडा आता हौसेचा झाला होता. हौशी लोकांकडे मोटारीमागे जोडायचा ट्रेलर होता, सुट्ट्या होत्या आणि समोर मोकळं सरकारी रान. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी राज्याच्या वनखात्याबरोबर एक वाट आखली: मिशिगन सरोवरावरच्या एम्पायर गावापासून ह्यूरन सरोवरावरच्या ऑस्कोडापर्यंत. ‘शोअर टू शोअर’ हे तिचं नाव. मुख्य वाट साधारण २२० मैलांची. उत्तर-दक्षिणेचे फाटे धरले तर ५०० च्या घरात. एका दिवसाच्या मजलीवर एकेक तळ, आणि तळ पाण्याजवळ. घोड्याबरोबरच्या मुक्कामाचं गणित माणसाच्या भुकेवर बसत नाही, ते पाण्यावर बसतं. मध्यम घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, उन्हात त्याहून जास्त.

या वाटेवर तोडीच्या खुणा पावलोपावली आहेत. कुठे जुना गाडीरस्ता, कुठे उखडलेल्या रेल्वेचा भराव. मॅकिन्लीचा तळ ज्या गावाजवळ आहे ते एके काळी पॉट्स नावाचं लाकूडकंपनीचं गाव होतं. शेतकऱ्याला बुडवणारी ती वाळू घोड्याला मात्र मानवते. पाऊस पडून गेला की लगेच निचरा होतो, आणि टापांना दगड लागत नाहीत.

तळावरच्या नियमांनाही प्रत्येकी एकेक कथा आहे. घोडा झाडाला बांधू नये, हा पहिला नियम. कंटाळलेला घोडा पायाने जमीन उकरतो, मुळं उघडी पडतात. दातांनी साल सोलतो, आणि दोन-तीन हंगामांत झाड वाळतं. म्हणून खांब, नाहीतर बुंध्याभोवती रुंद पट्टा गुंडाळून दोन झाडांमध्ये उंचावर ताणलेली दावण. दोरी घोड्याच्या डोक्याच्या वर हवी, नाहीतर पाय अडकतो. जाताना लीद गोळा करून ठरल्या जागी टाकायची. मिनेसोटात वनखात्याच्या जमिनीवर चाराही तणाच्या बिया नसल्याचं प्रमाणपत्र असलेलाच न्यावा लागतो. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा किडा सापडला, तेव्हापासून घरून जळाऊ लाकूड नेणंही गेलं.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद रक्ताच्या तपासणीचा. घोड्यांना एक विषाणूजन्य ताप होतो. रक्त पिणाऱ्या गोमाश्या तो एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेतात, म्हणून दलदलीच्या मुलखात तो जास्त. त्याचं बोलीतलं नावच ‘दलदलीचा ताप’ असं आहे. औषध नाही, आणि बरा दिसणारा घोडाही जन्मभर रोग वाहतो. १९७० मध्ये लेरॉय कॉगिन्स या पशुवैद्याने रक्तातून तो ओळखायची चाचणी काढली. दोष निघाला तर दोनच वाटा: इतर घोड्यांपासून किमान २०० यार्डांवर जन्मभर एकटं ठेवणं, किंवा मारणं. अनोळखी घोडे रात्रभर एका दावणीला उभे राहतात ते या चाचणीच्या भरवशावर.

भांडणं मात्र चाचणीने मिटत नाहीत. पिजन रिव्हरच्या राज्य जंगलात १९१८ मध्ये पश्चिमेकडून आणलेल्या सात एल्क हरणांची प्रजा वाढलेली आहे. पी. एस. लव्हजॉय या वनाधिकाऱ्याने या रानाला ‘बिग वाइल्ड’ म्हटलं आणि ते थोडं अवघडच राहावं, असा त्याचा आग्रह होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे घोड्यांना ठरावीक वाटांपुरतं बांधायचं ठरलं. धूप, तण आणि वन्यजीवांना होणारा त्रास ही कारणं खात्याने दिली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे येतो, असं स्वारांनी ऐकवलं. २०१० मध्ये राज्याने स्वारीच्या आणि ओझ्याच्या जनावरांच्या वाटांसाठी कायदा केला आणि घोडेवाल्यांना सल्ल्यासाठी बसायला जागा दिली. दोन्ही बाजूंचं ऐकताना मला एक गोष्ट खटकते: तिथली हरणं बाहेरून आणलेली, घोडे बाहेरून आणलेले, आणि पाइनची कितीतरी रोपंसुद्धा वाटिकेतली. ‘मूळचं रान’ म्हणून जे वाचवायचं ते नेमकं कोणत्या सालचं, हे कोणीच सांगत नाही.

तूर्त स्थिती अशी की राष्ट्रीय जंगलात एक नियम, राज्याच्या जंगलात दुसरा, आणि शिकारीच्या हंगामात काही ठिकाणी तिसरा. ट्रेलर जोडण्याआधी त्या त्या कार्यालयाला फोन करून त्या वर्षीचा नकाशा मागवलेला बरा.