पॅरिसचा वाइन-निवाडा (१९७६)

पॅरिसचा वाइन-निवाडा : कॅलिफोर्नियातील नव्या वाइनरींच्या आणि फ्रान्समधील नामांकित घराण्यांच्या वाइनची, बाटल्यांची ओळख झाकून घेतलेली तुलनात्मक परीक्षा. ती २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात झाली. व्हाइट आणि रेड या दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाइनला मिळाला. ज्यांचे गुण मोजले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते, आणि या परीक्षेचे महत्त्व मुख्यतः या गोष्टीत आहे.

पार्श्वभूमी : बॉर्दो प्रदेशातील वाइनची श्रेणी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी ठरवली. ती इतकी पक्की मानली गेली की पहिल्या श्रेणीत पुढे एकच ठळक बदल झाला : १९७३ मध्ये शातो मूताँ-रॉथशिल्डला दुसऱ्या श्रेणीतून वर घेण्यात आले. उत्तम वाइन ही त्या मातीची, त्या हवेची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची देणगी असून ती इतरत्र साधणार नाही, अशी धारणा या व्यवस्थेमागे होती. कॅलिफोर्नियात द्राक्षबागा एकोणिसाव्या शतकातच फोफावल्या होत्या, परंतु फायलोक्सेरा कीड आणि नंतरची दारूबंदी (१९२०–१९३३) यांनी हा धंदा मोडून काढला. बंदीच्या काळात घरगुती वापरासाठी वाइन करायला मुभा होती. त्यामुळे लांबच्या रेल्वेप्रवासात टिकतील अशा जाड सालीच्या जाती लावल्या गेल्या आणि चांगल्या जाती मागे पडल्या. पुढच्या उभारणीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेचे काम मोलाचे ठरले. तेथील संशोधक अमेरीन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये वाढीच्या हंगामातील उष्णतेच्या बेरजेवरून राज्याचे पाच विभाग पाडले आणि कोठे कोणती जात लावावी याला शास्त्रीय आधार दिला. वाइनमेकर आंद्रे चेलिश्चेफ हे १९३८ पासून कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात काम करत होते आणि वाइनमेकरांची एक पिढी त्यांच्या हाताखाली घडली.

परीक्षेत उतरलेल्या वाइनरी बहुतेक अगदी तरुण होत्या. वॉरन विनिआर्स्की हे शिकागो विद्यापीठात अध्यापन करत. ते १९६४ मध्ये नापात आले, दुसऱ्यांच्या वाइनरींत काम शिकले आणि १९७० मध्ये त्यांनी प्लमच्या बागेची जमीन घेऊन तीत काबर्ने सोव्हिन्याँ या रेड वाइनच्या द्राक्षजातीच्या वेली लावल्या; त्यांची वाइनरी म्हणजे स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स. पॅरिसला गेलेली त्यांची १९७३ ची वाइन जेमतेम तीन वर्षांच्या वेलींची होती. शातो मॉन्टेलेनाचे वाइनमेकर माइक ग्रगिच मूळचे क्रोएशियाचे. १९५८ मध्ये नापात आल्यावर त्यांनी अनेक वाइनरींत नोकरी केली, चेलिश्चेफ यांच्याबरोबरही काम केले. वकिली करणाऱ्या जिम बॅरेट यांनी मॉन्टेलेनाची जुनी दगडी वाइनरी पुन्हा सुरू करताना १९७२ मध्ये त्यांना बोलावून घेतले.

परीक्षेचे स्वरूप : आयोजक स्टीव्हन स्परिअर हे पॅरिसमध्ये वाइनचे दुकान आणि वाइन-शिक्षणाची शाळा चालवणारे इंग्रज होते. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधण्याची कल्पना त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांची होती असे सामान्यतः मानतात. मूळ हेतू केवळ कॅलिफोर्नियाच्या वाइनची ओळख करून देण्याचा होता. फ्रेंच वाइनही सोबत ठेवून परीक्षा झाकलेल्या बाटल्यांची करायचे स्परिअर यांनी नंतर ठरवले आणि परीक्षकांची संमती आयत्या वेळी घेतली. सीमाशुल्काच्या मर्यादेमुळे कॅलिफोर्नियाच्या बाटल्या, त्याच सुमारास फ्रान्सला निघालेल्या अमेरिकन वाइन-व्यावसायिकांच्या सामानातून आल्या.

प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रेंच अशा दहा वाइन होत्या. व्हाइट गटात शार्डने या द्राक्षजातीच्या वाइनसमोर फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशाच्या, तर रेड गटात काबर्नेसमोर बॉर्दोच्या. परीक्षकांत रोमाने-काँती या बर्गंडीच्या प्रसिद्ध बागेचे सहमालक ओबेर द व्हिलेन, फ्रेंच वाइन-मासिकाच्या संपादक ओडेट कान, बॉर्दोच्या शातो जिस्कूरचे पिएर तारी आणि पॅरिसमधील नामवंत रेस्तराँचे मालक व सोमेलिए (वाइन निवडून देणारे जाणकार) होते. हजर असलेले एकमेव पत्रकार ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. त्यांच्या वृत्तांतानुसार, परीक्षक रेमाँ ऑलिव्हिए यांनी नापाची शार्डने चाखून ‘परत फ्रान्समध्ये आलो’ असा अभिप्राय दिला, तर दुसऱ्या एका परीक्षकाने बातार-मोंत्राशेसारखी बर्गंडीची उंची वाइन वासच नसल्याचे सांगून कॅलिफोर्नियाची ठरवली. व्हाइट गटाचा निकाल रेड वाइन देण्यापूर्वीच जाहीर झाला, हा कार्यपद्धतीतील खरा दोष. त्यानंतर परीक्षकांनी रेड गटात कॅलिफोर्नियाची वाइन ओळखून तिला कमी गुण देण्याचा प्रयत्न केला असावा, असा तर्क केला जातो. तो खरा धरला तर रेड गटातील विजयाचे वजन वाढते.

गुणगणनेचा वाद : प्रत्येक वाइनला २० पैकी गुण होते. स्परिअर आणि गॅलाघर यांनीही गुण दिले, पण अधिकृत बेरजेत ते धरले नाहीत. नऊ परीक्षकांच्या बेरजेनुसार स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स (१९७३) १२७.५, मूताँ-रॉथशिल्ड (१९७०) १२६, ओ-ब्रियाँ (१९७०) १२५.५ आणि मोंत्रोझ (१९७०) १२२ असा क्रम लागतो. अकराही जणांचे गुण धरले तर पहिले दोन क्रमांक तेच राहतात, पण मोंत्रोझ तिसरी आणि ओ-ब्रियाँ चौथी होते, कारण स्परिअर व गॅलाघर यांनी ओ-ब्रियाँला मिळून २०, तर मोंत्रोझला २८ गुण दिले होते. वेगवेगळ्या ग्रंथांतील तक्ते जुळत नाहीत ते यामुळे.

याहून गंभीर आक्षेप बेरजेच्या पद्धतीवरच आहे. काही परीक्षकांनी सर्व वाइनना जवळजवळचे गुण दिले, तर कान यांनी रेड गटात २ पासून १५ पर्यंतचा पल्ला वापरला. जो परीक्षक गुण असे पसरून देतो त्याचे मत साध्या बेरजेत आपोआप जड होते. म्हणून अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वांट यांनी गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रम घेऊन फेरमांडणी केली, आणि तीतही स्टॅग्ज लीप पहिलीच आली. तरीही १८० पैकी दीड गुणाचे अंतर हे फार तोकडे आहे. एखाद्या परीक्षकाने मूताँला दोन गुण जास्त दिले असते तर निकाल फिरला असता. कॅलिफोर्नियाच्या सहा वाइनना चार फ्रेंच वाइनपेक्षा पहिले येण्याची संधी मुळातच अधिक होती, आणि रेड गटातील शेवटचे चारही क्रमांक कॅलिफोर्नियाचेच होते. या सर्वांचा विचार करता, रेड गटात कॅलिफोर्नियाने बॉर्दोवर मात केली असे म्हणण्यापेक्षा तिथली सर्वोत्तम वाइन बॉर्दोच्या पंगतीत बसली असे म्हणणे अधिक रास्त वाटते. शतकानुशतकांच्या अनुभवाशिवाय हे शक्य नाही असे मानणाऱ्यांना तेवढे उत्तर पुरेसे होते. व्हाइट गटाचा निकाल अधिक स्पष्ट आहे : मॉन्टेलेना (१९७३) १३२, रूलो यांची मर्सो-शार्म (१९७३) १२६.५, आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकांवर पुन्हा कॅलिफोर्नियाच्या शालोन व स्प्रिंग माउंटन.

मॉन्टेलेनाचा विजय सर्रास नापाच्या नावावर मांडला जातो. तो दुरुस्त करायला हवा. त्या वाइनच्या द्राक्षांचा मोठा वाटा शेजारच्या सोनोमा परगण्यातील शेतकऱ्यांचा होता आणि बाटलीवरही ‘नापा व अलेक्झांडर व्हॅली’ असेच छापलेले होते. अलेक्झांडर खोरे सोनोमात येते.

फेरपरीक्षा : फ्रेंच आक्षेप असा की बॉर्दोची वाइन मुरायला वेळ लागतो, ती तरुणपणी मागे पडणारच. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रेड गटात पुन्हा स्टॅग्ज लीप पहिली आली. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला स्परिअर यांच्या सहभागाने झालेल्या परीक्षेत, मूळ निकालात आठवी असलेली क्लो द्यू व्हाल (१९७२) पहिली ठरली. २४ मे २००६ रोजी लंडन आणि नापा येथे एकाच वेळी घेतलेल्या परीक्षेत रिज माँटे बेल्लो (१९७१) पहिली आली आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे होते. मुरण्याचा आक्षेप त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही.

परिणाम : ‘टाइम’च्या ७ जून १९७६ च्या अंकातील छोट्या वृत्ताने ही बातमी अमेरिकेत पसरली. फ्रेंच वृत्तपत्रांनी तिची दखल उशिरा आणि नाराजीनेच घेतली. मूताँचे बॅरन फिलिप द रॉथशिल्ड आणि नापाचे रॉबर्ट मोंडावी यांनी भागीदारीत ‘ओपस वन’ ही वाइन काढली. तिचा पहिला हंगाम १९७९ चा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये गो-मियो या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेने भरवलेल्या स्पर्धेत अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील आयरी व्हिनयार्ड्सची पिनो न्वार (बर्गंडीची रेड द्राक्षजात) वरच्या क्रमांकांत आली. बर्गंडीचे वाइन-उत्पादक रोबेर द्रूएँ यांनी १९८० मध्ये फेरपरीक्षा घेतली तेव्हा ती अगदी थोड्या फरकाने दुसरी राहिली. पुढे द्रूएँ घराण्याने ऑरेगनमध्येच जमीन घेतली. २००४ मध्ये बर्लिनला चिलीचे वाइन-उत्पादक एदुआर्दो चाडविक यांनी स्परिअर यांच्याच साहाय्याने अशी परीक्षा भरवली आणि त्यांची विन्येदो चाडविक (२०००) बॉर्दोच्या पहिल्या श्रेणीतील लाफीतच्या वर आली.

महाराष्ट्राशी या परंपरेचा धागा कॅलिफोर्नियामार्फत जुळतो. सिलिकॉन व्हॅलीतील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला वाइनरी उभारताना सोनोमाचे वाइनमेकर केरी डॅमस्की यांचे मार्गदर्शन घेतले. सुलाच्या पहिल्या वाइन २००० मध्ये बाजारात आल्या. त्या सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जातींच्या होत्या.