महानगर नियोजन समिती की महानगर विकास प्राधिकरण: गावाशहरांचा प्रतिनिधी नेमका कुठे बसतो?

पुण्याच्या आसपास एखाद्या शेतकऱ्याच्या गटावर रस्त्याचे किंवा उद्यानाचे आरक्षण पडले, की तो सातबारा आणि हरकतीचा अर्ज घेऊन ‘पीएमआरडीए’च्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, कार्यालयात जातो. हे आरक्षण कोणी ठरवले, असे त्याने विचारले तर ‘प्राधिकरणाने’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच आहे. महानगराच्या विकास आराखड्याशी दोन वेगळ्या संस्थांचा संबंध येतो. त्यांची नावे एकमेकींशी इतकी मिळतीजुळती आहेत, की नगरसेवक आणि सरपंचसुद्धा बोलण्याच्या ओघात एकीचे नाव दुसरीला देतात.

महानगर विकास प्राधिकरण ही राज्याच्या कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे. मुंबईचे प्राधिकरण १९७४ च्या कायद्यान्वये २६ जानेवारी १९७५ रोजी स्थापन झाले, तर पुण्याचे २०१५ मध्ये. आराखडा तयार करणे, बांधकाम परवानग्या देणे, रस्ते व मेट्रोची कामे करणे हे प्राधिकरणाचे काम असून त्यासाठी लागणारे अभियंते, नगररचनाकार आणि निधी त्याच्याकडे असतात. पुण्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि दैनंदिन कारभार महानगर आयुक्त पाहतात. महापौरांसारखे लोकप्रतिनिधी प्राधिकरणावर असतात, परंतु ते पदसिद्ध म्हणून किंवा शासनाने नेमले म्हणून. कोणत्या शहराला किती जागा, हे तेथे लोकसंख्येवरून ठरत नाही.

महानगर नियोजन समितीचा उगम मात्र थेट राज्यघटनेत आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद २४३ झेड-ई प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी, म्हणजे दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या अनेक शहरे-गावे मिळून झालेल्या क्षेत्रासाठी, अशी समिती असलीच पाहिजे असे सांगतो; महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असावे लागतात. त्यांना निवडतात ते त्या क्षेत्रातील नगरपालिका-महापालिकांचे निर्वाचित सदस्य आणि पंचायतींचे प्रमुख, आणि तेही आपल्यातूनच. संपूर्ण क्षेत्राच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार करून तो शासनाकडे पाठवण्याची घटनात्मक जबाबदारी या समितीची आहे. पाण्याची वाटणी, सामाईक पायाभूत सुविधा आणि पर्यावरण हे विषय घटनेने तिच्यापुढे नावानिशी ठेवले आहेत. माझ्या मते या सगळ्यांत पाण्याची वाटणी सर्वांत कळीची, कारण एका धरणावर अनेक गावे-शहरे तहान भागवत असताना निर्णय एकट्या मोठ्या शहराने घेऊन चालत नाही.

पुण्यात दोन्ही संस्थांचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडेच असल्याने गोंधळ आणखी वाढतो. अध्यक्ष एकच असला, तरी समोर बसलेले सदस्य कोणत्या अधिकाराने बसले आहेत, हे वेगळे आहे आणि फरक तेथेच आहे. पुण्याच्या समितीवरील ३० जागांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये निवडणूक झाली. त्यांपैकी २२ जागा मोठ्या नागरी क्षेत्राच्या, ७ ग्रामीण क्षेत्राच्या आणि लहान नागरी क्षेत्राची अवघी एक. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांनी २२ जण निवडायचे, सरपंचांनी सात जण. आणि लोणावळा, तळेगाव, आळंदी, चाकण यांसारख्या नगर परिषदांनी मिळून एकच. घटनेने लोकसंख्येचे प्रमाण पाळायला सांगितले आहे ते नगरपालिका आणि पंचायती या दोन गटांमध्ये; नागरी गटाच्या आत मोठे शहर आणि छोटे शहर यांच्यात तोल कसा राखावा, हे घटनेने सांगितलेले नाही. शिवाय निवडून आलेला सदस्य आपल्या नगर परिषदेने ठराव करून पाठवलेला नसतो. त्याला मते सगळ्या मतदारसंघाने दिलेली असतात. त्यामुळे लोणावळ्याचा नगरसेवक निवडून आला, तरी तो चाकणची बाजू मांडेलच असे नाही, आणि चाकणला त्याच्याकडे जाब मागण्याचा सोयीचा मार्गही नाही.

काळाचा क्रमही पाहावा लागतो. पुणे प्राधिकरणाच्या आराखड्याचे प्रारूप २०२१ च्या उन्हाळ्यानंतर, पावसाळ्यातच प्रसिद्ध झाले आणि समितीची निवडणूक त्यानंतर झाली. म्हणजे ज्यांनी मसुद्यावर आधी विचार करायचा, ते मसुदा छापून झाल्यावर निवडून आले. पुढे मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले. नगरसेवकपद गेल्यावर त्याच्या आधारे मिळालेले समितीचे सदस्यत्व कशाच्या बळावर उभे राहणार? प्राधिकरणाला अशी अडचण येत नाही, कारण त्याचे अधिकारी निवडणुकीवर अवलंबून नसतात. काम प्राधिकरणाकडेच सरकत जाते, ते यामुळेही.

लहान नगर परिषदांच्या हाती एक गोष्ट मात्र आहे, आणि ती फारशी कोणी वापरताना दिसत नाही. समितीने मसुदा करताना स्थानिक नगरपालिकांनी व पंचायतींनी केलेले आराखडे विचारात घ्यावेत, असे घटनेतच नमूद आहे. त्यामुळे जागा एकही नसलेल्या नगर परिषदेनेही आपला आराखडा, पाण्याची गरज आणि कचऱ्यासाठी लागणारी जागा यांचा सर्वसाधारण सभेत ठराव करून तो समितीकडे पोच घेऊन दिला, तर सुनावणीच्या वेळी दाखवायला तिच्याकडे कागद असतो.