संदर्भशोध, आरोग्यविज्ञानातील

आरोग्यविज्ञानाच्या एखाद्या प्रश्नावरील तज्ज्ञपरीक्षित लेख, आढावे, प्रबंध व अहवाल महाविद्यालयीन ग्रंथालयातील सूची आणि विदागारे (माहितीचे संगणकीय साठे) यांच्या साहाय्याने पद्धतशीरपणे हुडकण्याच्या क्रियेस संदर्भशोध म्हणतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंधाचा सिनॉप्सिस (संकल्पित आराखडा) सादर करण्यापूर्वी तो करावाच लागतो.

या शोधाचे मूळ छापील सूचींत आहे; मात्र आरंभ नेमका कोठे धरावा, याविषयी मतभेद आहेत. सँफोरियाँ शांप्ये या फ्रेंच वैद्याच्या १५०६ च्या सुमाराच्या ग्रंथास काही अभ्यासक पहिली वैद्यकीय ग्रंथसूची मानतात. परंतु त्यातील नोंदी ग्रंथकारांच्या आहेत. विषयानुसार लेख शोधण्याची आजची रीत लक्षात घेता, जॉन शॉ बिलिंग्ज यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने १८७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या मासिक सूचीपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ही सूची १८९९ मध्ये खंडित झाली, १९०३ मध्ये पुन्हा निघाली, १९२७ मध्ये दुसऱ्या एका सूचीत विलीन झाली आणि जुन्या नावाने १९६० मध्ये परत सुरू होऊन २००४ मध्ये छापील रूपात थांबली. त्यामुळे सव्वाशे वर्षांची अखंड परंपरा असे जे म्हटले जाते, ते शब्दशः घेता येत नाही. वैद्यकीय लेखांची संगणकीय सूची ‘मेडलाइन’ १९७१ मध्ये उपलब्ध झाली. मेडलाइन व इतर काही लेख महाजालावर शोधून देणाऱ्या ‘पबमेड’ या सेवेचे आरंभवर्ष कोठे १९९६, तर कोठे १९९७ दिलेले आढळते, पहिले प्रायोगिक रूपाचे असून दुसऱ्या वर्षी ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली, म्हणून वाचकांच्या दृष्टीने दुसरेच ग्राह्य होय. पबमेडमधील प्रत्येक लेख मेडलाइनमध्ये असतोच असे नाही, हा भेद प्रबंधलेखनात वारंवार दुर्लक्षिला जातो.

मेडलाइनमधील लेखांना ‘मेश’ या नियंत्रित शब्दसूचीतील विषयशीर्षके दिली जातात. ही सूची १९६० पासूनची आहे. तिची रचना वृक्षासारखी असल्याने व्यापक शीर्षक घातले की त्याखालील सूक्ष्म शीर्षकेही आपोआप शोधात येतात. २०२२ पासून शीर्षके देण्याचे काम प्रामुख्याने संगणकीय प्रणाली करते. पबमेडमधील मेडलाइनबाहेरच्या लेखांना ती मिळत नाहीत, म्हणून शीर्षकासोबत लेखाच्या नावातील व सारांशातील साधे शब्दही घालून पाहणे आवश्यक ठरते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया हा विषय घेतल्यास शीर्षके निवडण्यातील अडचण स्पष्ट होते. ‘हिस्टरेक्टमी’ हे शीर्षक सरळ सापडते आणि योनिमार्गे केलेली शस्त्रक्रियाही त्याखाली येते. ऊसासाठीचे ‘सॅकरम’ हे शीर्षक मात्र वनस्पतीचे असल्याने त्यातून पिकावरचे लेख हाती येतात, कोयता घेऊन फडात राबणारी बाई येत नाही. तिच्यासाठी स्थलांतरितांचे शीर्षक घ्यावे लागते, आणि ‘ऊस’ हा शब्द इंग्रजीत जोडून, तोडून व संयोगचिन्हासह अशा तिन्ही प्रकारे लिहावा लागतो. इतके करूनही राज्य शासनाने २०१९ मध्ये या प्रश्नावर नेमलेल्या समितीचा अहवाल पबमेडमध्ये मिळत नाही, कारण शासकीय अहवाल तिच्या कक्षेत येत नाहीत.

स्थलनामे हा मराठवाड्यापुरता विशेष महत्त्वाचा मुद्दा असून सर्वसाधारण मार्गदर्शिकांत तो सहसा आढळत नाही. छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे २०२३ मध्ये रूढ झाली. त्याआधीचे लेख औरंगाबाद व उस्मानाबाद या नावांखाली आहेत, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही असल्याने राज्याचे नाव जोडावे लागते. अंबाजोगाईचा निजामकालीन उल्लेख मोमिनाबाद असा आहे. हैदराबाद संस्थानातील नोंदी शोधताना सिंधमधील हैदराबादही वाट चुकवते.

संभाजीनगर (१९५६), अंबाजोगाई (१९७४–७५ च्या सुमारास), नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ चे असल्याने त्यापूर्वीचे प्रबंध त्या त्या वेळच्या संलग्न विद्यापीठांकडे सादर झाले होते. अशा प्रबंधांची छापील प्रत पाहण्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडेच जावे लागते, आणि मराठवाड्यातील जुन्या रुग्णांची बरीच माहिती अशा प्रबंधांत असू शकते, म्हणून हा फेरा टाळू नये. आयुर्वेद, परिचर्या व औषधनिर्माणशास्त्र यांसाठी वेगळी विदागारे आहेत.

लेखाचा सारांश सापडणे आणि पूर्ण लेख मिळणे या दोन निराळ्या गोष्टी होत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र शासनाच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेद्वारे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय शिक्षणसंस्थांना खुली झाली. पहिल्या टप्प्यात खाजगी महाविद्यालये तिच्या बाहेर असल्याने तेथील विद्यार्थ्यास पूर्ण लेख विनामूल्य देणाऱ्या ‘पबमेड सेंट्रल’ या संग्रहावर किंवा ग्रंथपालांनी अन्य ग्रंथालयातून मागवलेल्या प्रतीवर अवलंबून राहावे लागते.

१९४८ पूर्वीच्या मराठवाड्यातील साथींविषयी सूचींतून फार थोडे हाती लागते. हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची भाषा आधी फारसी व १८८० च्या दशकापासून उर्दू असल्याने त्या काळाची दफ्तरे हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात पाहावी लागतात, आणि त्यासाठी या भाषा वाचता येणाऱ्याची सोबत लागते.