मूलांकुरातील लवके

मूलांकुरातील लवके : बी रुजताना प्रथम बाहेर पडणाऱ्या मुळाच्या पेशींतील, दुहेरी पटलाने वेढलेली व स्वतःचा डीएनए असलेली अंगके (पेशीतील सूक्ष्म घटक). पानांतील हरितलवकांशी त्यांचे सख्खे नाते आहे. जनुकसंच तोच, पण हरितद्रव्य नसल्यामुळे ती प्रकाशसंश्लेषण करीत नाहीत. पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘अन्न साठवणारी अवर्णलवके (रंगहीन लवके)’ एवढ्यावरच त्यांची बोळवण होते. ही ओळख फार अपुरी आहे. नायट्रोजनाचे सात्मीकरण (तो स्वतःच्या घटकांत सामावून घेणे), मेदाम्लांची व अनेक ॲमिनो आम्लांची घडण आणि गुरुत्वाची जाणीव ही वाढत्या मुळाची कामे लवकांवरच अवलंबून असतात.

घडण : मुळाच्या टोकाशी असलेल्या विभाजी ऊतीत लहान, अविकसित आदिलवके असतात. लवक पेशीत नव्याने निर्माण होत नाही, आधीच्या लवकाच्या विभाजनातूनच होते, हे आंद्रेआस शिंपर यांनी १८८३ च्या सुमारास मांडले. मूलटोपीच्या (मुळाच्या टोकावरील संरक्षक आवरणाच्या) मधल्या भागात, म्हणजे स्तंभिकेत, आदिलवकांमध्ये पिष्टाचे (स्टार्चचे) कण भरतात व त्यांची पिष्टलवके होतात. स्तंभिकेच्या पेशी जसजशा बाहेर सरकतात तसतसे त्यांतील पिष्ट घटते. शेवटी त्या पेशी श्लेष्म (चिकट द्रव) स्रवून गळून पडतात. लवकांपासून निघणाऱ्या बारीक नलिकांना स्ट्रोम्यूल म्हणतात. हिरव्या ऊतींपेक्षा मुळांसारख्या बिनहिरव्या ऊतींत त्या अधिक व लांब आढळतात.

गुरुत्वबोध व त्यावरील वाद : मूळ खाली का जाते, या प्रश्नाचा प्रायोगिक इतिहास टॉमस नाइट यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी १८०६ मध्ये फिरत्या चाकावर बिया रुजवल्या. मुळे परिघाकडे आणि कोंब केंद्राकडे वाढले. पोलिश अभ्यासक चेसिएल्स्की यांनी १८७२ च्या सुमारास टोक कापलेली मुळे वळत नाहीत असे दाखवले. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये त्याहून पुढचे विधान केले : जाणीव टोकाला होते, वाकण्याची क्रिया मात्र त्याच्या मागच्या भागात घडते.

त्या टोकात नेमके काय असते? १९०० मध्ये हाबरलांट व न्येमेत्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. पिष्टाने जड झालेली लवके पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यांच्या जागेवरून पेशीला ‘खाली’ कळते. याला पिष्टकण उपपत्ती म्हणता येईल. खोडांत व देठांत अशीच लवके पिष्टावरणाच्या, म्हणजे पिष्टयुक्त पेशींच्या, थरात असतात. जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत् शलाका (विद्युत् बदल मोजणारी बारीक सुई) वापरून गुरुत्वबोधाचा थर शोधण्याचे प्रयोग केले, ते खोड-देठांवरचे होते.

उपपत्ती आकर्षक असली तरी पुरावा बराच काळ अप्रत्यक्षच राहिला. जुनिपर व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मक्याच्या मुळांची फक्त टोपी काढली, तेव्हा मुळे वाढत राहिली पण वळेनात. इव्हर्सन यांनी १९६९ मध्ये संप्रेरकांच्या साहाय्याने अळिवाच्या मुळांतील पिष्ट नाहीसे केले, आणि त्याबरोबर वळणेही थांबले. यानंतर १९८९ मध्ये खरा पेच उभा राहिला. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीच्या पिष्टहीन उत्परिवर्तित (जनुकीय बदल झालेल्या) रोपांची मुळेही वळतात, असे कॅस्पर व पिकार्ड यांना दिसले आणि पिष्ट आवश्यक नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी किस, हेर्टेल व सॅक यांनी अशी मुळे वळतात पण त्यांची संवेदनशीलता बरीच कमी असते, याकडे लक्ष वेधले. पिष्टाविनाही लवकाला वजन असतेच, म्हणून पिष्ट मदत करते पण ते अपरिहार्य नाही. उपलब्ध निरीक्षणांशी हा अर्थ अधिक जुळतो.

वेन व स्टेव्ह्स यांची दाब उपपत्ती वेगळी आहे. तिच्यानुसार कण नव्हे, पेशीतील संपूर्ण द्रव्याचा भार जाणवतो. दाट द्रवात भाताची मुळे कमी वळतात, हा १९९७ मधील प्रयोग तिचा मुख्य आधार होय. तथापि कुझ्नेत्सोव्ह व हाझेनस्टाइन यांनी १९९६ मध्ये चुंबकीय क्षेत्राने जवसाच्या मुळांतील पिष्टलवके बाजूला सरकवली व मुळे वळवून दाखवली. दाब उपपत्तीला हे समजावणे अवघड जाते. १९८५ च्या स्पेसलॅब (अंतराळयानातील प्रयोगशाळा) मोहिमेत पेर्बाल व सहकाऱ्यांनी मसुराची रोपे अंतराळात वाढवून याच प्रश्नाचा मागोवा घेतला.

लवके बसल्यानंतर संदेश कसा निघतो, हा दुवा अलीकडेच हाती आला. २०२३ मध्ये दोन गटांनी अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवले की, लेझी गटातील प्रथिने पिष्टलवकांच्या पृष्ठावर असतात आणि मूळ आडवे झाल्यावर खालच्या बाजूच्या पेशीपटलावर जातात. तेथून ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खालच्या कडेला जास्त वाहते, त्या कडेची वाढ मंदावते व मूळ खाली वळते. लवक येथे निव्वळ वजन न राहता संदेशवाहकही ठरते.

नायट्रोजन व इतर कार्ये : मातीतून घेतलेल्या नायट्रेटाचे नायट्राइट पेशीद्रवात होते. नायट्राइट विषारी असल्याने ते लवकात नेले जाते व तेथे त्याचे अमोनियम आणि पुढे ग्लुटामेट बनते. हरितलवकाला यासाठी लागणारी क्षपणशक्ती (इलेक्ट्रॉन पुरवण्याची क्षमता) प्रकाशातून मिळते. अंधारातील मूळलवक ती शर्करेच्या ऑक्सिडीकरणातून, पेंटोज फॉस्फेट मार्ग नावाच्या रासायनिक क्रियामालिकेने मिळवते. ही शर्करा प्रारंभी बीजदलांतील किंवा भ्रूणपोषातील (बियांतील अन्नऊतीतील) साठ्यातून व नंतर पानांतून येते. ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे पूर्वगामी कॅरोटिनॉइडही (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) लवकांतच बनतात.

परिस्थितीनुसार बदल : ओलाव्याच्या दिशेने वळताना अरॅबिडॉप्सिस व मुळा यांच्या कोवळ्या मुळांतील पिष्टलवके विघटित होतात (२००३). त्यामुळे गुरुत्वाची ओढ सैल पडून पाण्याकडे जाणे सुकर होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रकाशात उघडी पडलेली काही मुळे हिरवी होतात. सायटोकायनीन हे संप्रेरक त्याला चालना देते, तर खोडाकडून येणारे ऑक्सिन ते रोखते. खोड कापल्यावर अरॅबिडॉप्सिसचे मूळ अधिक हिरवे होते. शिंगाडा व गुळवेल यांची हिरवी मुळे प्रकाशसंश्लेषण करतात.