काजळी टिकली, गुलाबी उडाला

मार्च-एप्रिल आला की साकुराच्या, म्हणजे जपानी चेरीच्या फुलांच्या, फोटोंबरोबर जुनी जपानी ठसाचित्रंही मोबाइलवर फिरू लागतात. कागद पिवळट, फुलं जेमतेम दिसणारी, बाजूला उभ्या ओळींत कविता. खाली हमखास लिहिलेलं असतं, की जपानी माणसाला भडक रंग रुचत नाहीत, हीच ती झेन दृष्टी. हा समज चुकीचा आहे. ही चित्रं छापली तेव्हा चांगली रंगीत होती. त्यांचा फिकेपणा रसायनशास्त्राने आणलेला आहे, अध्यात्माने नाही.

एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथे आसुकायामा टेकडीवर शोगुन (लष्करी राज्यकर्ता) योशिमुने याने १७२० पासून चेरीची झाडं लावली आणि फुलं बघायला जाणं हा सामान्य माणसाचाही सण झाला. झाडाखाली खाणं-पिणं चाले, कविता होत. ५-७-५-७-७ अशा मात्रांच्या खेळकर कवितेला क्योका म्हणत. क्योका रचणाऱ्यांची मंडळं आपल्या कविता चित्रांसह खासगीरीत्या छापून घेत. अशा छापांना सुरिमोनो म्हणतात. १७९० सालचा ‘फुगेन्झो’ हा क्योकासंग्रह तर चेरीलाच वाहिलेला आहे. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो, चित्रं उतामारोची. छपाईचे ठसेही रानचेरीच्याच लाकडात कोरत, कारण हे लाकूड टणक आणि बारीक पोताचं असतं. केसासारखी रेष कोरली तरी ती टिकते.

आता रंगाकडे येऊ. त्या काळचा खास गुलाबी-लाल रंग म्हणजे बेनी, आणि तो निघतो करडईच्या पाकळ्यांतून. होय, तेलासाठी सोलापूर-मराठवाड्यात पेरतात तीच करडई. पाकळ्यांत पिवळी रंगद्रव्यं भरपूर, लाल अगदी थोडं. पिवळी पाण्यात विरघळतात, म्हणून आधी ती धुऊन काढायची. मग राखेच्या अल्कधर्मी पाण्यात लाल विरघळवायचं आणि आम्ल घालून साका खाली बसवायचा. या लाल द्रव्याचं नाव कार्थामिन. त्याच्या रेणूत एकआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. तिच्यातले इलेक्ट्रॉन साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून डोळ्यांना उरलेला लाल-गुलाबी दिसतो. पण शोषलेल्या ऊर्जेचं करायचं काय? बहुतेक वेळा ती उष्णता होऊन निघून जाते. अधूनमधून मात्र उत्तेजित रेणूची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि साखळी तुटते. साखळी आखूड झाली की हिरवा प्रकाश शोषला जात नाही. रंग संपला, आणि हा बदल उलटा फिरत नाही.

कवितेची शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बनच्या षटकोनी जाळ्यांचे थर. इलेक्ट्रॉन सगळ्या जाळीभर पसरलेले, त्यामुळे सगळ्याच रंगांचा प्रकाश शोषला जातो आणि ऊर्जा झटकन उष्णतेत विरते. तुटायला नाजूक सांधाच नाही. त्यामुळे फुलं विरून गेली तरी त्यांच्यावरची कविता काळीभोर राहते. काही फुलं शाईविनाच, कोरड्या ठशाने कागद दाबून उठवलेली असतात. ती प्रकाशाने विटत नाहीत.

नुकसान साचत जातं, आणि हिशेब तीव्रता गुणिले वेळ असा असतो. लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक. ५० लक्सच्या मंद दालनात रोज ८ तास, असे १०० दिवस म्हणजे ४०,००० लक्स-तास. भर दुपारच्या १ लाख लक्स उन्हात तेवढेच २४ मिनिटांत भरतात. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाला १९२१ मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी आपला ठसाचित्रांचा संग्रह दिला, तो कधीही प्रदर्शनात मांडायचा नाही या अटीवर. म्हणूनच मूळ रंग कसे होते ते आज तिथे दिसतं.

‘मूळ रंग परत आणतो’ म्हणणाऱ्या ॲपवर मात्र विश्वास ठेवू नका. फोटोतल्या पिवळट डागावरून तिथे बेनी होता की कोरा कागद, हे कळत नाही. त्यासाठी खुद्द त्या कागदावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकावा लागतो. बेनी थोडाफार शिल्लक असेल तर तो स्वतःची वेगळी प्रतिदीप्ती देतो, म्हणजे तो प्रकाश शोषून वेगळ्या रंगात चमकतो, आणि ती वर्णपटमापकावर ओळखता येते.