“डॉक्टरच व्हायचंय”: कमावलेली ओळख आणि उसनी ओळख

लातूरला भाड्याच्या खोलीत राहून नीटची तयारी करणाऱ्या दोन पोरांना विचारा, पुढं काय? दोघंही क्षणात सांगतील, “डॉक्टर.” मेसचा डबा तोच, टेस्ट सिरीज तीच, मार्कही जवळपास सारखे. तरी एकाची ओळख कमावलेली असू शकते आणि दुसऱ्याची उसनी. घरी फरक कळत नाही, कारण दोघंही ‘गुणी’ असतात.

‘मी कोण’ हे ठरवणं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचं मुख्य काम मानलं. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ८६ कॉलेजकुमारांच्या मुलाखती घेऊन त्याला मोजपट्टी लावली. पाहायचं दोनच: पर्याय चाचपले का, आणि एकावर मन बसलं का. इथं मन दोघांचंही बसलंय. उसन्या ओळखीत चाचपणी मात्र झालेलीच नसते. मानसशास्त्र हिला फोरक्लोजर म्हणतं, कमावलेलीला अचीव्हमेंट.

ओळखायचं कसं? “याआधी मनात काय होतं, ते का सोडलं?” असं विचारा. कमावलेल्याकडं सोडलेल्या वाटांचा हिशेब असतो: परभणीला कृषीची पदवी घ्यायची होती, पण प्रयोगशाळेपेक्षा माणसांत जास्त रमतो. उसन्याकडं “दुसरं काही नव्हतंच.” कारणं विचारली की बापाचीच वाक्यं येतात, तीही त्याच क्रमानं. दुसरा प्रश्न मार्सियांच्या मुलाखतीतला: याहून बरं काही मिळालं तर हे सोडशील? पहिला थांबून तोलून पाहतो. दुसरा चटकन नाही म्हणतो, कधी चिडतोही. आवाज जितका ठाम तितका पाया पक्का, असं धरून चालणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

खरा फरक पडतो तो हरल्यावर. मार्सियांनी ताणाखाली कोडी घातली, तेव्हा फोरक्लोजर गटातले मुलगे अपयश येऊनही ध्येय खाली आणत नव्हते, आणि कुणी कमी लेखलं की त्यांचं स्वतःबद्दलचं मत लवकर ढासळत होतं. नीटला ७२० पैकी ३५० पडले तर कमावलेला बीएएमएस, नर्सिंग, फार्मसी असं काहीतरी मांडून बघतो. उसना पुन्हा रिपीट म्हणतो, कारण डॉक्टर नाही तर आपण कोण, याचं उत्तरच त्याच्याकडं नसतं.

‘बाप डॉक्टर म्हणतो, म्हणून मी नाहीच होणार’ ही बंडखोरीही उसनीच बरं का, फक्त उलटी घातलेली. आणि उत्तर बापासारखंच आलं म्हणून ते उसनं ठरत नाही. चाचपून आलं असेल तर ते पोराचंच. एकाच पोराची करिअरची ओळख उसनी आणि श्रद्धेची कमावलेली, असंही दिसतं.

उसनी ओळख हा आजार नाही. परीक्षा साधारण मे महिन्यात असते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये असले प्रश्न काढून पोराला हलवू नका. दहावीनंतरची सुट्टी बरी: आठवडाभर ओळखीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत बसू द्या, आणि ज्यांनी ही वाट सोडली अशा निदान एकाशी बोलू द्या, मात्र तेव्हा आपण शेजारी बसू नये. परत आल्यावर पोरगं पुन्हा “डॉक्टरच” म्हणालं तर ताणू नका. “का?” म्हटल्यावर आता ओपीडीतलं काही सांगतंय का, तेवढं ऐका.