बेरोजगारीचे मोजमाप : माणशी आणि चुलीमागे

कामाविना असलेल्यांची गणती दोन प्रकारे होते. एकीत माणसे मोजतात : काम करणारे आणि काम मागणारे मिळून जे श्रमबल होते, त्यात शेकडा किती जण रिकामे आहेत. दुसरीत घरे मोजतात : कामाच्या वयाची माणसे असलेल्या घरांपैकी किती घरांत कमावते कोणीच नाही. भारतात ठळकपणे जाहीर होतो तो पहिला दर. दोन्ही दर एकाच दिशेने सरकतील अशी समजूत असते. ती खरी नाही.

घर म्हणजे काय, इथूनच अडचण सुरू होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या लेखी, एरवी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. एका वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर कुटुंबे दोन. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, हरसूलकडचे मजूर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत उतरतात. सहा महिन्यांच्या आत परतणारा माणूस गावच्या घरातच धरला जातो. गावाकडे चूल एकच असते आणि तिच्यावर जेवणारे अर्धे लोक मळ्यावरच्या झोपडीत असतात. त्यांची माहिती घरी उरलेल्या म्हाताऱ्याने सांगायची. ती किती नेमकी असेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

माणसाची स्थिती ठरवण्याच्या पद्धती १९७० च्या दांतवाला समितीच्या अहवालानंतर रुळल्या. तोवर सगळ्या देशाचा एकच बेरोजगारी आकडा काढण्याचा खटाटोप चालत असे. आपल्याकडची कामे इतक्या तऱ्हांची असताना एका आकड्यात ती बसणार नाहीत, हे समितीचे म्हणणे होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९७२-७३ च्या फेरीपासून तीन मापे आली. ‘सामान्य स्थिती’त मागचे वर्षभर पाहतात : बराच काळ काय केले ते मुख्य काम, आणि निदान तीस दिवस केलेले दुय्यम कामही जमेस धरतात. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर काम केले असेल तरी माणूस कामावर आहे असे मानतात. ‘चालू दैनिक स्थिती’त माणूस नव्हे, दिवस मोजतात, तेही अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने. रोजंदारीवाल्याचे खरे दुखणे यातच दिसते, पण एप्रिल २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात भर पहिल्या दोन मापांवर राहिला.

माप बदलले की आकडा किती बदलतो? २०२३-२४ मध्ये देशातील पंधरा वर्षांवरील लोकांत सामान्य स्थितीनुसार बेरोजगारी ३.२ टक्के होती, साप्ताहिक स्थितीनुसार ४.९ टक्के. माणसे तीच, वर्षही तेच. नाशिकमध्ये याचे कारण समजायला द्राक्षबाग पाहावी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणे, शेवटी काढणी. टोळी कामावर असते ते आठवडे आणि मुकादमाचा फोन येत नाही ते आठवडे, यांत दर वेगळाच निघणार. वर्षाच्या मापात मात्र तो मजूर सरळ ‘रोजगारित’.

तासाभराच्या अटीचा परिणाम घरच्या बिनपगारी कामाच्या मोजणीवरही होतो. पदवी घेऊन घरी बसलेली निफाडची मुलगी घरच्या कांद्याची प्रतवारी करते, येवल्याची सून पैठणीच्या मागावर सासऱ्याला हात देते. दोघींच्या हाती पैसा येत नाही, तरी नोंदीत त्या ‘कौटुंबिक उद्योगातील मदतनीस’, संकेतांक २१. बेरोजगार ८१, विद्यार्थी ९१, पेन्शनर ९४. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण ‘काम मिळाले तर करीन’ म्हणाला की श्रमबलात येतो. ‘सध्या फक्त अभ्यास’ म्हणाला की बेरोजगारीतून नाहीसा होतो.

आता घरांचा हिशेब. शंभर घरे, प्रत्येकात दोन प्रौढ, आणि नोकऱ्या शंभर. प्रत्येक घराच्या वाट्याला एकेक नोकरी आली तर रिकामे, म्हणजे कमावते कोणीच नसलेले, घर एकही नाही. पन्नास घरांत दोघेही कामाला आणि पन्नासांत कोणीच नाही, असे झाले तर निम्मी घरे रिकामी. चिठ्ठ्या टाकून वाटल्या असत्या तर सुमारे पंचवीस. तिन्ही वेळा माणशी दर तोच. ब्रिटनमध्ये पॉल ग्रेग आणि जोनाथन वॉड्सवर्थ या अर्थतज्ज्ञांनी प्रत्यक्ष आकडा आणि हा चिठ्ठ्यांचा आकडा यांतील फरक मोजून दाखवला, की काम काही घरांत साचते आणि काही घरे पूर्ण कोरडी राहतात. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय कामविरहित घरांचा आकडा नियमित काढते. युरोपीय संघ घरातील प्रौढांनी शक्य तेवढ्या वेळेपैकी वीस टक्के किंवा त्याहून कमी वेळ काम केले का, हे पाहतो.

घराचे मापही फसवू शकते. नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांची पत्नी आणि परीक्षा देणारा मुलगा : कमावते कोणी नाही, म्हणून घर रिकामे, पण पेन्शनवर सगळे नीट चालते. उलट सातपूरच्या एखाद्या घरात कंत्राट संपलेला मुलगा आणि शिफ्ट करणारे वडील असतील तर घर ‘कामाचे’ ठरते. वडिलांची नोकरी गेली तर काय, ते या आकड्यात येत नाही.

हाच पेच कायद्यातही उतरलेला दिसतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. त्यात ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम मागण्याचा हक्क होता. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने शंभर दिवस दिले, तेही कुटुंबामागे. एका घरात काम मागणारे चौघे असले तर पंचवीस-पंचवीस दिवस वाट्याला यायचे. महाराष्ट्राने पुढचे दिवस स्वतःच्या पैशातून देण्याची तरतूद ठेवली. तरी दिवस कुटुंबामागे मोजले, की चूल वेगळी करून नवे जॉबकार्ड काढण्याचा मोह होणे साहजिक.

जिल्हा रोजगार केंद्रातील नोंदणी हे मोजमाप नव्हे. नोकरी लागल्यावर नाव काढून टाकायला फारसे कोणी जात नाही, आणि ज्याला नोंदणीचा उपयोग वाटत नाही तो तिकडे फिरकतच नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात मात्र जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जातो आणि देशाचे आकडे दरमहा निघतात, तेही साप्ताहिक मापाने.